चकवा लागला, तर आधी बसा!



पहिला पाऊस पडून डोंगर हिरवे झाले रे झाले, की घरोघरी एकच टुमणं सुरू होतं, "आई, येत्या रविवारी आम्ही गडावर जाणार!" मग आपली लगबग सुरू. तिखटामिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणीची चटणी, वर भडंगाचा डबा. डझनभर माणसं जेवतील एवढं आपण चौघांना बांधून देतो. पोटाची व्यवस्था करण्यात आपला हात कोणी धरणार नाही! पण त्याच पिशवीत एक शिट्टी असते का? कोरडी काडेपेटी? आणि रात्र झाली तरी मंडळी परतली नाहीत, तर कुठल्या वाटेवर शोधायचं, हे घरात एकाला तरी ठाऊक असतं का?

"इतकं काय होतंय? लोहगड-विसापूर म्हणजे आपलं परसदार!" असं मीही म्हणत असे. २००९ सालच्या श्रावणापर्यंत.

त्या रविवारी आम्ही सातजण विसापूरला गेलो होतो. आमचे 'हे', मी, धाकटे दीर, जाऊ आणि तीन मुलं. सर्वांत धाकटी पुतणी सात वर्षांची. लोकलनं मळवलीला उतरलो, भाज्याच्या बाजूनं ओढ्यातल्या पायऱ्या मजेत चढून गेलो. वर जेवणं झाली, गाणी झाली. उतरताना मात्र गायमुख खिंडीकडून उतरायचं ठरलं, म्हणजे लोहगडाची बाजूही बघायला मिळेल. निघालो आणि पाचच मिनिटांत धुकं आलं. विसापूरचा माथा म्हणजे भलंमोठं पठार. दहा पावलांवरची जाऊ मला दिसेनाशी झाली.

मग आम्ही तेच केलं, जे अशा वेळी सगळे करतात. भराभर चालू लागलो! हे म्हणत होते उजवीकडे, दीर म्हणत होते डावीकडे. अर्ध्या तासानं एक पाण्याचं टाकं लागलं. हायसं वाटलं. आणखी वीस मिनिटं चाललो, तर पुन्हा तेच टाकं! काठावर आमच्याच मुलांनी टाकलेली मोसंब्याची सालं. धाकटी रडायला लागली, दीरांचा आवाज चढला, आणि जाऊ माझ्या कानाशी पुटपुटली, "वहिनी, चकवा लागला हो!"

तेवढ्यात धुक्यातून म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली. मागून डोक्यावर घोंगडीची खोळ घेतलेली एक म्हातारी बाई आली. आमच्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "कुठं चाल्लाय एवढं पळत? धुकं हाय तवर बसायचं, बाई. डोंगर काय पळून जातोय व्हय?"

आणि ती खुशाल म्हशीमागं निघून गेली. आम्ही बसलो. दुसरं करणार काय? गूळ-दाणे वाटले, धाकटीला माझ्या शालीत गुंडाळलं. तासाभरानं धुकं उठलं. समोर पाहिलं आणि पोटात गोळा आला. ज्या दिशेला आम्ही तावातावानं निघालो होतो, तिकडे पन्नासएक पावलांवर तट ढासळलेला होता, आणि त्यापलीकडे नुसती पोकळी.

आमच्या सासूबाईंना घरी हे सांगितलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "चकवा लागला की बसून राहावं, उजाडू द्यावं. आम्हाला लहानपणीच सांगून ठेवलं होतं." चकव्याचं भूत खरं की खोटं, या वादात मी पडत नाही. पण गोल फिरणं अगदी खरं बरं का! त्याच २००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी माणसांना जर्मनीच्या जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालत राहायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर मंडळी बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरून आल्यावर मात्र गोल फिरून आपल्याच वाटेवर आली, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. डोळे बांधल्यावर तर काहीजण जेमतेम वीस मीटरच्या रिंगणात फिरले. म्हणजे चकवा रानात नसतो, तो आपल्याच पायांत असतो. म्हणून पहिला उपाय पायांवर!

वाट चुकल्याचं ध्यानात आलं, की क्रम असा ठेवा. बसा. पाणी प्या. आठवा. मग ठरवा.

बसा म्हणजे खरोखर बूड टेकून बसा. उभ्या माणसाचे पाय चुळबुळतात. भीतीनं छाती धडधडते, श्वास वरच्या वर चालतो, आणि डोकं एकच गोष्ट सांगत राहतं, 'पळ!' श्वास सावकाश आत घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. असं दहा वेळा मोजून करा. मग दोन घोट पाणी, तोंडात काहीतरी गोड. त्यानंतर आठवा. शेवटची खात्रीची खूण कोणती होती? टाकं, देवळी, दगडावर रंगवलेला बाण? तिथून निघून किती वेळ झाला? किती वाजले, उजेड किती उरला? आणि सगळ्यात शेवटी ठरवा. मागची वाट स्वच्छ आठवत असेल आणि दिसत असेल, तर त्याच वाटेनं मागे फिरावं. नसेल, तर आहे तिथेच मुक्काम. आपण जाणार कुठे, हे घरी माहीत असेल, तर एका जागी राहिलेला माणूस लवकर सापडतो. फिरत्या माणसाला शोधणारे शोधतील तरी कुठे?

बरोबर माणसं असतील, तर प्रत्येकाच्या हाताला काम द्या. एकानं शिट्टी सांभाळायची, एकानं पाणी मोजायचं, एकानं लहानांना गोष्ट सांगायची. हात गुंतले की जीभ ताळ्यावर राहते. आमच्या त्या दिवशीच्या निम्म्या गोंधळाचं कारण धुकं नव्हतं, भांडण होतं!

आता म्हणाल, बसा म्हणणं सोपं आहे. भिजून कुडकुडत, काळोखात, तहानेनं कोरडं पडून कोण बसणार? अगदी बरोबर. म्हणूनच ती पिशवी हवी. ऊब, उजेड, पाणी आणि आवाज, एवढ्या चार गोष्टी तिनं पुरवल्या की माणूस रात्र काढतो. दुकानातला महागडा संच आणायची मुळीच गरज नाही. निम्म्याहून अधिक सामान तुमच्या फडताळातच आहे.

शिट्टी. ही पिशवीत नको, गळ्यात हवी. हाका मारून तासाभरात घसा बसतो, शिट्टी रात्रभर वाजते. डोंगरात मदत मागायची एक ठरलेली खूण आहे: एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. रात्री हीच खूण बॅटरीनं करावी. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. मधलं मिनिटभर थांबणं विसरू नका, नाहीतर उत्तर ऐकू कसं येणार?

बॅटरी. कपाळाला बांधायची मिळाली तर उत्तम, हात मोकळे राहतात. जादा सेल हवेतच. पिशवीत बॅटरी आपोआप दाबली जाऊन सेल संपतात, म्हणून आतला एक सेल उलटा घालून ठेवावा. मोबाइल आहे म्हणून बॅटरी नको, असं करू नका. रानात रेंज शोधशोधून मोबाइलच आधी मान टाकतो. वाट चुकल्यावर तो विमान मोडवर टाकून अंगाशी उबेत ठेवा आणि ठरावीक वेळानंच सुरू करा. फोन लागला नाही तरी कधी कधी संदेश जातो. आणि ११२ हा नंबर मुलांना तोंडपाठ हवा. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीची असल्यास तो लागू शकतो.

मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. केराच्या बादलीला लावतो त्या, पण सर्वांत मोठ्या आणि जाड, माणशी दोन. एकीच्या बंद टोकाजवळ तोंडापुरतं भोक पाडून ती डोक्यावरून घातली, की झालं इरलं! कोकणात लावणीला वाकलेल्या बायका इरल्याखाली पाठ कोरडी ठेवतात, तीच युक्ती. दुसऱ्या पिशवीत कोरडा पाचोळा भरून खाली बसायला घ्यावी, म्हणजे जमिनीचा गारठा लागत नाही. तोंड उघडं राहील एवढं भोक मात्र आधीच घरी पाडून ठेवा, विशेषतः मुलांसाठी.

ऊब. प्रत्येकाची एक लोकरी कानटोपी आणि एक स्वेटर, पिशवीत घट्ट बांधून. जीन आणि सुती कपडे भिजले की अंगातली ऊब ओढून घेतात. आपल्याकडे बर्फ नाही म्हणून गाफील राहू नका. पाऊस आणि वारा एकत्र आले, की श्रावणातही माणूस गारठून जातो. कुडकुडत बडबड करणारं मूल गप्प आणि पेंगुळलं होऊ लागलं, की ते झोपाळलंय असं समजू नका. ती धोक्याची खूण आहे. ओले कपडे काढून कोरडे घाला, कुशीत घ्या, गोड काहीतरी चघळायला द्या.

पाणी. माणशी दोन ते तीन लिटर. उन्हाळ्यात गडावरची टाकी आटतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर जाऊ नये. पाणी शुद्ध करायच्या गोळ्या ठेवा. शिवाय जलसंजीवनीची दोन पाकिटं ठेवा. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साखर-मिठाच्या पाण्यानं पटकीचे हजारो रोगी वाचवले. पाकीट नसेल, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा घ्यायचा हं! घरीच दोन्ही एकत्र करून पुडी बांधून ठेवावी. आणि अडकल्यावर पाणी पुरवून पुरवून कोरड पडेपर्यंत थांबू नका. तहान लागली की प्यावं, हालचाल कमी करावी.

संकटाचा खाऊ. दाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, फुटाणे. ही पुडी वेगळी शिवून टाका, नाहीतर गड चढता चढताच फस्त होईल!

काडेपेटी आणि मेणबत्ती. काड्यांची गुलं वितळलेल्या मेणात बुडवून वाळवली, की पावसातही पेटतात. पेटवताना नखानं मेण खरवडावं. त्या काड्या आणि पेटीची घासपट्टी घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. पण दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत वाळलं, की शेकोटीचा विचारसुद्धा नको. एका ठिणगीनं सगळा उतार पेटतो.

मलमपट्टी. क्रेप बँडेज, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, सेफ्टी पिना. जुन्या मऊ साडीचा मीटरभर चौकोन कर्णावर कापला, की हात गळ्यात बांधायला दोन झोळ्या होतात. पाळीचे चार पॅड नेहमी ठेवा. ते ज्या कामाचे त्या कामाला येतातच, आणि वाहत्या जखमेवर दाबून धरायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. रोजचं औषध घेणाऱ्यांनी दोन दिवसांचं जादा घ्यावं. साप चावला, तर कापणं, चोखणं, घट्ट दोरी आवळणं, यांतलं काहीही करू नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी आधी उतरवा, कारण सूज चढते. चावलेला अवयव हलू न देता माणसाला उचलून दवाखान्यात न्या.

चिठ्ठी. प्रत्येकाचं नाव, रक्तगट, चालू औषधं आणि घरचे दोन फोन नंबर एका कागदावर लिहून प्लॅस्टिकमध्ये घाला. मोबाइल बंद पडला की आपल्याला नवऱ्याचासुद्धा नंबर आठवत नाही, खरं ना?

एवढं सगळं, पाणी सोडून, एका लहानशा पाठपिशवीत सहज मावतं. दोन गोष्टी मात्र मुद्दाम सांगते. दोरी घेतलीत, तर ती प्लॅस्टिक बांधायला आणि कपडे वाळत घालायला. तिला धरून कड्यावरून उतरायचं नाही. आणि 'पाण्याच्या वाटेनं उतरत गेलं की गाव लागतं' हा पुस्तकी सल्ला आपल्या सह्याद्रीत विसरा. आपले ओढे गावाला पोचायच्या आधी कड्यावरून उडी घेतात!

आता मुलांविषयी. १९८१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर नऊ वर्षांचा एक मुलगा भावांपासून चुकला. शेकडो माणसं शोधत होती. चौथ्या दिवशी सापडला, तेव्हा गारठ्यानं त्याचा जीव गेलेला होता. शोधणारी माणसं हळहळली आणि त्यांनी लहान मुलांना एक साधा धडा शिकवायला घेतला: चुकलास, तर जवळच्या झाडाला मिठी मार आणि तिथेच राहा. झाड म्हणजे सोबत. त्याच्याशी बोललं तरी चालतं! आपल्या मुलांना हे जरूर शिकवा. आणखी दोन वाक्यं त्यात घाला. एक, "तू चुकलास म्हणून आम्ही मुळीच रागावणार नाही." मार बसेल या भीतीनं मुलं लपून बसतात. दुसरं, "तुझं नाव घेऊन कोणी हाक मारली, तर ओ दे." परक्याशी बोलू नको, असं आपणच पढवलेलं असतं. त्यामुळे शोधायला आलेल्या माणसालाही मूल ओ देत नाही.

मुलं अशा वेळी काय करू शकतात, ते २०२३ साली सगळ्या जगानं पाहिलं. १ मे रोजी कोलंबियातल्या ॲमेझॉनच्या जंगलात एक छोटं विमान पडलं. चार भावंडांची आई गेली. थोरली मुलगी तेरा वर्षांची, धाकटं बाळ वर्षाचंही नव्हतं. विमानात कंदाचं भाजलेलं पीठ होतं, ते तिनं भावंडांना पुरवून पुरवून खायला घातलं. मग रानातली फळं, बिया. त्यातलं काय खायचं, ते घरच्या आजीनं तिला आधीच शिकवून ठेवलेलं होतं. लष्कराच्या हेलिकॉप्टरमधून भोंग्यावर त्या आजीचाच आवाज ऐकवत होते, मुलांच्या बोलीत, "जागेवर थांबा, तुम्हाला शोधताहेत." ९ जूनला, चाळिसाव्या दिवशी, चारही मुलं जिवंत सापडली. आपल्या मुलांना रानाची ओळख नाही, तेव्हा अनोळखी फळं त्यांनी खाऊ नयेत. एक-दोन रात्रींच्या उपाशीपोटी जीव जात नाही. पण घरातल्या बाईनं हसतखेळत सांगितलेली गोष्ट कुठे, केव्हा उपयोगी पडेल, काही सांगता येत नाही.

शेवटचं काम घरी राहणाऱ्यांचं. निघताना एक कागद फ्रिजवर लावून घ्या. कोणता गड, कोणत्या गावातून चढणार, कोणत्या बाजूनं उतरणार, बरोबर कोण, त्यांचे नंबर. खाली दोन वेळा लिहा: परत येण्याची वेळ आणि काळजीची वेळ. परतायची सात, तर काळजीची दहा, असं. दहापर्यंत फोन करकरून कोणाला भंडावू नका. दहा वाजल्यावर मात्र संकोच न करता ११२ लावा आणि पायथ्याच्या गावात कळवा. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारखी गिरिप्रेमींची पथकं अपरात्री आपणहून धावून जातात. पण जायचं कुठे, हे त्यांना सांगणारा तो कागदच! आणि मंडळींनी वाट बदलली, तर रेंज असेतोवर घरी कळवायचं, ही शपथ घालूनच सोडा. आम्ही त्या दिवशी उतरायची बाजू बदलली, आणि घरी सासूबाईंना त्याचा पत्ताही नव्हता.

पिशवी भरून माळ्यावर टाकली की काम संपलं, असंही नाही. एखाद्या रात्री दिवे घालवा आणि मुलांना सांगा, "काळोखात शिट्टी आणि बॅटरी शोधून दाखवा." त्यांना तो खेळच वाटेल. वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला, पिशवी उपसून बघावी. सेल, औषधांच्या तारखा, खवट झालेले दाणे. दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा करतोच ना आपण? मग या पिशवीलाही दोन फुलं वाहायला हरकत नाही!

आमची पिशवी दाराशी खुंटीला असते. तिच्यावर पुतणीनं लहानपणीच रंगीत दोऱ्यानं एक शब्द भरून ठेवलाय, 'बसा'. टाका जरा वाकडा आहे, पण वाचता येतो.

तुमच्या पिशवीत याहून वेगळं काय असतं, ते जरूर लिहून कळवा. उपयोगी सूचना इतर मैत्रिणींपर्यंत पोचवूच.